माणसाचा जीव कुठल्या रकान्यात लिहितात?

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "वर्गात आम्हाला फोर्ड पिंटोचं उदाहरण शिकवलं. गाडीमागे ११ डॉलर वाचवण्यासाठी कंपनीने माणसं जळू दिली, असं सांगितलं. गाड्या बनवणारे खरंच माणसाच्या जिवाची किंमत लावतात का? आणि उद्या मला अशाच कंपनीत नोकरी लागली तर मी काय करायचं?"

मी पिंपरी-चिंचवड आणि चाकण भागात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत सव्वीस वर्षं काढली. त्यातला बहुतेक काळ क्वालिटी आणि वॉरंटी खात्यात. रस्त्यावर तुटलेले, जळलेले, गंजलेले भाग परत येऊन आमच्या टेबलावर पडायचे आणि ते का गेले हे आम्ही शोधायचो. मी जे लिहितो आहे ते त्या टेबलाशी बसून कळलेलं आहे.

हो, किंमत लावतात. हे आधी सरळ मान्य करू, नाहीतर पुढचं सगळं नुसत्या संतापात जाईल. प्रत्येक गाडी ही तडजोड असते. पत्रा आणखी जाड करता येतो, ब्रेक आणखी मोठे देता येतात, चहूबाजूंनी एअरबॅगा बसवता येतात. मग वजन वाढतं, किंमत वाढते, आणि ती गाडी न परवडणारा माणूस बायको आणि दोन मुलांना मोटरसायकलवर बसवून नेत राहतो, जिथे धोका कितीतरी जास्त आहे. सरकारही हेच करतं. घाटातल्या वळणावर कठडा बांधायचा की तेच पैसे शाळेसमोरच्या पादचारी पुलाला द्यायचे, हे ठरवताना वाचणाऱ्या जिवांना कुणीतरी आकडा लावलेलाच असतो. अमेरिकेचं परिवहन खातं हा आकडा उघडपणे जाहीर करतं. अलीकडच्या वर्षांत तो एका जिवामागे १ कोटी २० लाख डॉलरच्या वर आहे. अमुक एका माणसाची ती किंमत नव्हे. लाखो लोकांच्या वाट्याचा अगदी बारीकसा धोका कमी करण्यासाठी किती खर्च योग्य मानायचा, त्याचं ते माप आहे.

म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा वेगळा करून घेतो. हिशोब कोणत्या टप्प्यावर झाला, कुणी केला, त्यात काय धरलं आणि काय धरलंच नाही, आणि ज्याच्या जिवाला धोका होता त्याला त्याची कल्पना होती का? माझ्या अनुभवात जिवाची किंमत कमी लावल्यामुळे झालेले वाईट निर्णय थोडे. ज्या कागदावर निर्णय झाला त्या कागदावर जिवाचा रकानाच नव्हता, असे निर्णय पुष्कळ.

पिंटोपासून सुरुवात करतो, कारण ती बहुतेक ठिकाणी अर्धवट शिकवतात.

पिंटो ही फोर्डची छोटी गाडी सप्टेंबर १९७० मध्ये बाजारात आली. फोर्डचे बडे अधिकारी ली आयकोका यांची अट होती की गाडी २००० पौंडांच्या आत आणि २००० डॉलरच्या आत बसली पाहिजे. परदेशी छोट्या गाड्या अमेरिकेचा बाजार खात होत्या, म्हणून घाई होती. एरवी डिझाइन पक्कं झालं की टूलिंग, म्हणजे भाग बनवायचे साचे (डाय) तयार करणं, सुरू होतं. इथे दोन्ही बरोबरच चाललं. या एका गोष्टीकडे नीट बघा, कारण ड्रॉइंगवरची रेघ खोडायला रबर पुरतं, पण डाय कापून झाल्यावर तीच रेघ हलवायला लाखो रुपये लागतात आणि एका मोठ्या साहेबाचा अहंकार दुखावतो. टूलिंग सुरू झाल्यावर सापडलेला दोष आपोआप 'महाग' होतो. दोष तोच असतो, आपण तो उशिरा बघितलेला असतो.

गाडीची पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे होती. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांत ही जागा नेहमीचीच. पिंटोत मात्र टाकी आणि अ‍ॅक्सल यांच्यात मोकळी जागा फार थोडी होती आणि डिफरेन्शिअलच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या गियरांच्या) घरावरच्या बोल्टांची डोकी टाकीच्या दिशेने बाहेर आलेली होती. मागून जोरात धडक बसली की टाकी पुढे दाबली जाऊन बोल्टांवर आदळायची आणि फाटायची. पेट्रोल भरायची नळी टाकीतून निसटायची. मागचा भाग चेपून दारं अडकली तर आतला माणूस बाहेरही पडू शकत नसे. मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोजवळ महामार्गावर अशी एक पिंटो बंद पडली, मागून दुसरी गाडी आदळली आणि आग लागली. चालवणारी बाई काही दिवसांनी गेली. शेजारी बसलेला १३ वर्षांचा मुलगा भयंकर भाजला. त्याच्यावर पुढे वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया होत राहिल्या. फेब्रुवारी १९७८ मध्ये ज्युरीने त्या मुलासाठी फोर्डवर १२ कोटी ५० लाख डॉलरची दंडात्मक भरपाई बसवली. न्यायाधीशांनी ती पुढे ३५ लाखांवर आणली.

आता तो ११ डॉलरचा प्रसिद्ध कागद. तो १९७३ चा आहे. त्यात म्हटलं होतं की सुधारणा केली तर १८० माणसं जळून मरायची वाचतील, १८० गंभीर भाजण्यातून वाचतील आणि २१०० गाड्या जळणार नाहीत. मेलेल्या माणसामागे २ लाख डॉलर, भाजलेल्यामागे ६७ हजार, गाडीमागे ७००. एकूण फायदा सुमारे ४ कोटी ९५ लाख डॉलर. खर्च मात्र १ कोटी २५ लाख गाड्या गुणिले ११ डॉलर, म्हणजे १३ कोटी ७५ लाख. निष्कर्ष: परवडत नाही.

वर्गात न सांगितला जाणारा भाग असा की हा हिशोब एकट्या पिंटोचा नव्हताच. १ कोटी २५ लाख हा अमेरिकेत वर्षभरात विकल्या जाणाऱ्या सगळ्या कंपन्यांच्या गाड्या आणि हलक्या ट्रकांचा आकडा आहे. विषयही मागून बसणाऱ्या धडकेचा नव्हता. गाडी उलटली तर इंधन सांडू नये, असा नियम सरकार आणू पाहत होतं आणि त्याला विरोध करताना फोर्डने हा कागद सरकारच्याच रस्ते सुरक्षा खात्यापुढे ठेवला होता. २ लाखांचा आकडाही त्या खात्याने १९७२ मध्ये काढलेल्या हिशोबातून आला होता. त्यात माणसाची बुडालेली कमाई होती, वेदनेचे १० हजार डॉलर होते आणि अंत्यविधीचे ९०० डॉलर होते. वर सांगितलेल्या खटल्यात तो कागद ज्युरीपुढे आलाच नाही.

हे मी फोर्डला वाचवण्यासाठी सांगत नाही. तो कागद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, आणि आजही ९०० डॉलरच्या त्या ओळीवर डोळे थांबतात. पण त्याच्यात एक गोष्ट चांगली होती. सगळं लिहिलेलं होतं. १८० माणसं मरतील हे शब्दांत होतं, म्हणून त्यावर भांडता आलं. त्याच गणितात आजचा जिवाचा आकडा घाला. महागाईने ११ डॉलरचे सुमारे सातपट झाले असं धरलं तरी १८० जिवांचं पारडं खर्चाच्या दुपटीहून जड होतं आणि निकाल उलटा लागतो. म्हणजे सगळं त्या एका आकड्यावर टेकलेलं होतं आणि तो आकडा उजेडात होता.

पिंटोबद्दलचा खरा राग यावा अशी जागा दुसरीकडे आहे. अपिलाच्या निकालात न्यायालयाने फोर्डच्याच माणसांनी काढलेल्या सुधारणांच्या किमती दिल्या आहेत. टाकी आणि डिफरेन्शिअल यांच्यामधलं एक आवरण: २ डॉलर ३५ सेंट. मागची चौकट मजबूत करणं, अ‍ॅक्सल गुळगुळीत करणं, बरा बंपर आणि थोडी जास्त जागा, हे सगळं मिळून १५ डॉलर ३० सेंट. तेवढ्यात मागून ताशी ३४ ते ३८ मैलांच्या धडकेतही टाकी सुरक्षित राहिली असती. १९७१ च्या एका अहवालात मात्र टाकीचं संरक्षण १९७६ पर्यंत पुढे ढकलावं, म्हणजे २ कोटी ९ लाख डॉलर वाचतील, अशी शिफारस होती आणि ती मान्य झाली. या हिशोबात एकच बाजू आहे. किती वाचतील ते लिहिलं आहे, पण ढकललेल्या त्या वर्षांत किती जळतील हे कुणी लिहिलेलं नाही. गाडी कायद्यात बसत होती, कारण मागच्या धडकेचा इंधनगळतीचा नियम १९७७ च्या मॉडेलपासून लागू झाला. जून १९७८ मध्ये फोर्डने सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या. तेव्हा बसवलं ते काय, तर एक प्लास्टिकचं आवरण आणि लांब, नीट बसणारी भरण्याची नळी.

तुम्ही विचाराल, तिथल्या कुणालाच दिसलं नाही का? दिसलं. डेनिस जिओया नावाचा तरुण इंजिनिअर १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात फोर्डमध्ये गाड्या परत बोलावण्याच्या कामाचा समन्वयक होता. पुढे तो प्राध्यापक झाला आणि स्वतःबद्दल त्याने मोकळेपणी लिहिलं. जळालेली पिंटो त्याने डोळ्यांनी पाहिली होती, ती हादरवणारी होती असं तो सांगतो. प्रकरण समितीपुढे गेलं आणि परत बोलावू नये असं मत पडलं. त्यात त्याचंही मत होतं. कारण त्याच्या कामाची पद्धत अशी होती की तक्रारी वारंवार यायला हव्यात आणि एका भागाकडे बोट दाखवता यायला हवं. पिंटोच्या घटना मोजक्या होत्या आणि कुठलाही भाग 'तुटत' नव्हता. तो स्वतः पिंटो चालवत होता. नंतर ती त्याने आपल्या बहिणीला विकली. स्वतःला माहीत असलेला धोका बहिणीला विकणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्याला धोका धोका म्हणून दिसतच नव्हता, असंच मला वाटतं, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

ही आंधळी जागा आमच्या कामाच्या तक्त्यातच तयार होते. नोकरीला लागलात की तुम्हाला पहिल्या वर्षातच एफएमईए, म्हणजे संभाव्य बिघाडांचा तक्ता, भरायला देतील. भाग कसा बिघडू शकतो ते लिहायचं आणि तीन आकडे द्यायचे, प्रत्येक १ ते १०: परिणाम किती गंभीर, किती वेळा घडेल, आणि कारखान्यात पकडला जाण्याची शक्यता किती कमी. तिन्हींचा गुणाकार आरपीएन. आमच्या पिढीत १०० हा अघोषित उंबरठा होता. वर गेलं तर उपाय करा, खाली राहिलं तर पुढचं पान. आता गणित करून बघा. डॅशबोर्डचा खडखडाट: ५ गुणिले ५ गुणिले ५, म्हणजे १२५. त्यावर बैठका व्हायच्या. ब्रेक निकामी करणारा दुर्मीळ बिघाड: ९ गुणिले २ गुणिले ३, म्हणजे ५४. पुढचं पान. आता तुम्ही सांगा, माणूस कशाने मरतो? २०१९ मध्ये वाहन उद्योगाच्या अमेरिकन आणि जर्मन संघटनांनी मिळून काढलेल्या नव्या पद्धतीत हा गुणाकार काढून टाकला आणि गांभीर्याला अग्रक्रम दिला. बदल योग्यच होता. पण चाकणमध्ये अजूनही असे पुरवठादार आहेत जिथे जुना उंबरठा लोकांच्या डोक्यात बसलेला आहे.

आता जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचकडे येतो. पिंटोपेक्षा हे प्रकरण आजच्या कारखान्यांच्या जास्त जवळ आहे. शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा छोट्या गाड्यांत किल्ली फिरवायला लागणारा जोर ठरल्यापेक्षा कमी होता. २००२ मध्येच त्या स्विचला तो मापात बसत नसताना मंजुरी मिळाली होती. किल्लीला जड जुडगा लटकत असेल किंवा चालवणाऱ्याचा गुडघा लागला तर किल्ली चालू स्थितीतून मागे सरकायची. चालत्या गाडीत इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकची मदत गेली.

तक्रारी आल्या. कंपनीने त्या नोंदवल्या 'ग्राहकाची गैरसोय' या सदरात. बंद पडलेली गाडी तरी हाताने वळवून बाजूला घेता येते, असा त्यांचा युक्तिवाद. सदर एकदा ठरलं की पुढचा हिशोब आपोआप ठरतो. गैरसोयीच्या सदरात वॉरंटीत किती वाचेल एवढंच विचारतात. २००५ मध्ये एका उपायाला गाडीमागे सुमारे ९० सेंट लागणार होते आणि वॉरंटीत वाचणार होते १० ते १५ सेंट. अर्थातच नामंजूर. या गणितात कुणाच्याही जिवाला २ लाख डॉलर लावलेले नाहीत, शून्यसुद्धा लावलेलं नाही. जिवाला त्या तक्त्यात जागाच नव्हती.

आणि त्यांच्या नजरेतून काय निसटलं? किल्ली मागे सरकली की एअरबॅगही बंद होतात. इंजिन बंद पडण्याची फाइल एका खात्यात आणि एअरबॅग न उघडण्याची दुसऱ्या. दोन्ही टोकं एकत्र आणली ती विस्कॉन्सिनच्या महामार्ग पोलिसातल्या एका तपासनिसाने, २००७ मध्ये, एका जीवघेण्या अपघाताच्या अहवालात. तो अहवाल कंपनीच्या फायलीत पडून होता.

त्याआधी, २००६ मध्ये, स्विच गुपचूप सुधारला गेला होता. आतली स्प्रिंग आणि पिन बदलली, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला. तुम्ही कारखान्यात गेला नसाल तर हे किरकोळ वाटेल. आमच्या धंद्यात भागाचा क्रमांक आणि त्याची सुधारणा-पातळी म्हणजे माणसाचं नाव आणि जन्मतारीख. आकार, जुळणी किंवा काम बदलेल असा काहीही बदल केला की पातळी बदलायची, नमुने पुन्हा द्यायचे, मंजुरी पुन्हा घ्यायची. त्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. मलाही यायचा. पण क्रमांक तोच राहिला म्हणून पुढची कित्येक वर्षं कंपनीच्याच तपासनिसांना कळेना की एका ठरावीक वर्षानंतर बनलेल्या गाड्यांत हे अपघात का होत नाहीत. शेवटी २०१३ मध्ये एका मृत तरुणीच्या कुटुंबाच्या वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने जुना आणि नवा असे दोन स्विच उघडून शेजारी ठेवले आणि फरक जगापुढे आला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावायला सुरुवात झाली. आकडा २६ लाखांवर गेला. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५ मध्ये सरकारशी ९० कोटी डॉलरचा समझोता झाला. चौकशीत आणखी एक कागद निघाला: २००८ च्या एका प्रशिक्षणात इंजिनिअरांना ६९ शब्द टाळायला सांगितले होते. 'दोष' ऐवजी 'डिझाइनप्रमाणे चालत नाही' लिहा, 'समस्या' ऐवजी 'बाब' लिहा. वकिलांची काळजी त्यामागे असणार, हे मी समजू शकतो. पण जिथे 'दोष' हा शब्द लिहायला बंदी असते तिथे काही काळाने दोष दिसायचाही बंद होतो. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण वेगळं, तिथे चाचण्यांचे आकडेच बदललेले होते, आणि २०१७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला. तो उघड खोटेपणा होता. त्याला शिक्षा करता येते. गैरसोयीचं सदर कुणाला शिक्षा करायला सापडत नाही.

इथवरचं थोडक्यात: पिंटोचा प्रसिद्ध कागद वाईट होता, पण त्यात जीव लिहिलेला होता. टाकीचं संरक्षण पुढे ढकलण्याच्या शिफारशीत आणि किल्लीच्या गणितात तो नव्हता, आणि माणसं गेली ती त्यामुळे.

आता माझी गोष्ट, कारण दुसऱ्यांच्या चुका सांगून मला थांबता येणार नाही. आम्ही हँडब्रेकच्या केबल बनवायचो. आतल्या तारेच्या टोकाला धातूची बोंडी दाबून बसवतात. डाय झिजली की दाब कमी पडतो आणि ती बोंडी हवी तेवढी ओढ सहन करत नाही. एका लॉटमध्ये ओढून बघायच्या चाचणीचा आकडा ड्रॉइंगपेक्षा थोडा खाली आला. माल थांबवला असता तर गिऱ्हाईकाची लाइन थांबली असती आणि मिनिटाच्या हिशोबाने दंड बसला असता. मी डेव्हिएशनची, म्हणजे मापात न बसणारा माल सोडायच्या परवानगीची, नोट लिहिली: 'किंचित कमी. कार्यावर परिणाम नाही.' सह्या झाल्या, माल गेला.

सात-आठ महिन्यांनी वॉरंटीच्या यादीत तक्रारी दिसायला लागल्या. 'हँडब्रेक सैल, अ‍ॅडजस्ट करून दिला.' अशा ओळी त्या यादीत नेहमीच असतात. मग कळलं की घाटात एका हॉटेलासमोर उतारावर उभी केलेली गाडी घरंगळत जाऊन भिंतीला लागली. कुणाला इजा झाली नाही. बैठकीत आम्ही एका केबलची किंमत, बदलायची मजुरी आणि गिऱ्हाईक किती वसूल करेल, याची आकडेमोड करत बसलो. लाइनवरचे एक वयस्कर फिटर कसल्याशा सहीसाठी आत आले होते. ते ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, भिंतीच्या जागी पोरगं असतं तर?"

माझ्या एफएमईएत त्या बिघाडाला गांभीर्य ५ दिलेलं होतं, कारण मी 'ब्रेक सैल लागतो' असा परिणाम लिहिला होता. गाडी कुठे उभी असेल आणि तिच्या खालच्या अंगाला कोण असेल, हे मी मनात आणलंच नव्हतं. त्या दिवशी ५ चे ९ केले. लॉटचे नंबर काढले, गाड्या शोधल्या, केबल बदलल्या. खर्च झाला, आणि तो दंडापेक्षा कितीतरी जास्त होता. 'कार्यावर परिणाम नाही' हे वाक्य मी ज्या सहजपणे लिहिलं, तो सहजपणा मला अजून आठवतो. मी खोटं लिहीत होतो असं तेव्हा मला वाटलं नव्हतं. मी तपासलं नव्हतं, एवढंच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्याही सांगायला हव्यात. गाडीत एखादी सोय नसणं आणि दिलेली वस्तू सदोष असणं यांत फरक आहे. २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळून पाहिल्या आणि पाचही शून्य ताऱ्यांवर आल्या. त्यातल्या फोक्सवॅगन पोलोला कंपनीने दोन एअरबॅगा सरसकट द्यायचं ठरवलं आणि तीच गाडी चार ताऱ्यांवर गेली. म्हणजे काय करायचं ते आधीपासून ठाऊक होतं, फक्त आपल्या बाजारात कुणी मागत नव्हतं. तरीही तिथे गिऱ्हाईकाला निदान दिसतं की एअरबॅग नाही. सदोष केबल कुणाला दिसत नाही. धोका पत्करायचा की नाही हे ठरवण्याची संधीच त्याला मिळत नाही, म्हणून दुसऱ्या प्रकाराला मी कितीतरी कडक माप लावतो. आणि दोष कळल्यानंतरही विक्री चालू ठेवणं हा तिसरा प्रकार. तिथे माझ्यापुरता हिशोबाचा प्रश्न उरत नाही.

कायदाही फरक पाडतो. आपल्याकडे २०१२ पासून कंपन्यांच्या संघटनेची स्वेच्छेची संहिता होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. त्यातला एक मार्ग विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात किती तक्रारी आल्या यावर आहे. मला त्याची धास्ती वाटते, कारण जिओया ज्या पद्धतीने पाहत होता तीच ही पद्धत आहे: थोडे पण जीवघेणे बिघाड टक्केवारीत भरत नाहीत. कायद्यात चाचणी संस्थेच्या किंवा इतर मार्गाने आलेल्या माहितीवरही कारवाईची सोय आहे, आणि माझी आशा त्या वाटेवर जास्त आहे. गाडीच्या मालकांनाही एक सांगतो: हँडब्रेक सैल झाला, गाडी चालता चालता बंद पडली, तर सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर तसंच्या तसं लिहून घ्या. 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलं असेल तर सही करू नका. तुमची ती ओळच पुढे कुणाच्यातरी टेबलावर जाते.

आता तुम्ही काय करायचं. नवख्या इंजिनिअरला कारखाना थांबवता येत नाही, आणि तशी अपेक्षा तुमच्याकडून कुणी ठेवू नये. पण तक्ता बहुतेक वेळा नवखाच भरतो आणि सदर तोच निवडतो. तिथे तुमचा हात आहे. परिणाम लिहिताना भागाचं काय होईल एवढ्यावर थांबू नका, गाडीतल्या आणि गाडीबाहेरच्या माणसाचं काय होईल ते लिहा. 'सैल' असं लिहिलंत तर ५ मिळतील, 'उतारावर गाडी सुटेल' असं लिहिलंत तर ९. डेव्हिएशनच्या नोटवर 'परिणाम नाही' लिहायच्या आधी तो कुठल्या चाचणीत पाहिला ते लिहा. चाचणी केली नसेल तर 'तपासलेलं नाही' असं लिहा. मी पाहिलंय की या दोन शब्दांनंतर वरचा माणूस सही करताना थांबतो. भाग बदलला तर क्रमांकाची पातळी बदलून घ्या, कितीही वाद झाला तरी. आणि कुणी ऐकलंच नाही, तर ईमेल साध्या शब्दांत लिहा, तारखेसह. तिखट लिहू नका, सौम्य शब्दांआडही लपू नका.

नोकरी लागली की पहिल्याच महिन्यात कारखान्यात एक खोली शोधा. फील्डमधून परत आलेले भाग तिथे टॅग लावून ठेवलेले असतात. बहुतेकांना ती अडगळ वाटते, म्हणून ती स्टोअरच्या मागे कुठेतरी असते. आठवड्यातून एकदा तासभर तिथे बसा, टॅगवरची तक्रार वाचा, भाग हातात घ्या, आणि ती गाडी कोण चालवत होतं हे टॅगवर लिहिलेलं नसलं तरी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा.